मुखपृष्ठावरची बाई कोणाकडे बघून हसते?

१९८० साली ‘मिझ’ या अमेरिकन मासिकाच्या हाती मोठं घबाड लागलं. सोव्हिएत रशियात लपूनछपून स्त्रीवादी नियतकालिक काढणाऱ्या काही बायकांना तिथल्या सरकारने देशाबाहेर घालवलं होतं. ‘मिझ’ने त्यांना गाठलं, मुलाखती घेतल्या आणि त्यांचा फोटो मुखपृष्ठावर छापला. या कामाला पत्रकारितेतला पुरस्कारही मिळाला. पण त्याच अंकाने एक जाहिरात घालवली. सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या रेव्हलॉन कंपनीने जाहिराती द्याव्यात म्हणून मासिकाची माणसं कित्येक वर्षं खेटे घालत होती. ते सगळं पाण्यात गेलं. मुखपृष्ठावरच्या बायकांनी मेकअप केलेला नाही, एवढंच कारण.

‘मिझ’च्या संस्थापकांपैकी एक, ग्लोरिया स्टायनेम यांनी १९९० साली हा किस्सा लिहिला. मासिकांत बायका अशा का दिसतात, असं कोणी विचारलं की मी सुरुवात इथूनच करते. एक तर यात कोणी खलपुरुष नाही. जाहिरात नाकारणाऱ्या माणसाच्या खुर्चीत बसून बघा. समोरच्या पानावर पावडर-लिपस्टिक न लावलेल्या, करारी चेहऱ्याच्या बायका असतील, तर शेजारी लिपस्टिकची जाहिरात कशाला द्यायची? त्याच्या हिशोबाने तो बरोबरच होता. असे बरोबर हिशोब शंभरेक वर्षं एकावर एक रचले गेले आणि त्यातून मासिकातली ‘बाई’ घडली. तरुण, सडपातळ, गोरी, नितळ कातडीची, आणि कायम काहीतरी कमी पडत असलेली.

पैसा येतो कुठून

मासिकाला पैसे दोन वाटांनी मिळतात. अंक विकून आणि जाहिराती घेऊन. वाचकाला वाटतं, आपण अंकाची किंमत मोजली, म्हणजे गिऱ्हाईक आपणच. बहुतेक मोठ्या मासिकांच्या बाबतीत हे खरं नसतं. अंक छापून वाचकापर्यंत पोचवायला जो खर्च येतो, त्याहून कमी किमतीला तो विकला जातो. तूट जाहिरातदार भरून काढतो, वर नफाही तोच देतो.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तिच्यात स्त्रियांची मासिकं अगदी पुढे होती. सायरस कर्टिस या प्रकाशकाने १८८३ साली ‘लेडीज होम जर्नल’ सुरू केलं. पहिली संपादक त्याची बायको लुइझा नॅप. १९०३ पर्यंत या मासिकाचे दहा लाख वर्गणीदार झाले होते, आणि एवढा मोठा आकडा गाठणारं ते अमेरिकेतलं पहिलं मासिक मानलं जातं. साबण, डबाबंद अन्न, कापड, औषधं असा कारखान्यांतून निघणारा माल तेव्हा घरोघर पोचायला लागला होता. घरात काय आणायचं हे बाई ठरवते, हे कारखानदारांनी ओळखलं होतं. त्यांना त्या बाईपर्यंत पोचायचं होतं, आणि ती मासिकाच्या हातात होती.

म्हणजे मासिक दोन गोष्टी विकतं. वाचकाला मजकूर, आणि जाहिरातदाराला वाचक. दुसरा सौदा मोठा असतो. मग पहिला त्याच्या सोयीने होऊ लागतो.

सोयीने म्हणजे कसा? स्टायनेम यांनी याची जंत्रीच दिली होती. जाहिरात देताना कंपन्या सोबत अटी पाठवायच्या. हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्या डी बिअर्सची अट होती, की आमची जाहिरात गंभीर बातम्यांच्या शेजारी नको आणि प्रेमाच्या विरोधात जाणाऱ्या मजकुराशेजारीही नको. खाद्यपदार्थांच्या कंपन्यांना शेजारी पाककृती हव्या असत, सौंदर्यप्रसाधनवाल्यांना सौंदर्याचं सदर. या व्यवहारात अशा मजकुराला ‘पूरक मजकूर’ म्हणतात. शब्द निरुपद्रवी आहे. त्याचा अर्थ मात्र असा, की अंकातली बरीचशी पानं कशावर असणार हे लेखक पेन उचलायच्या आधीच ठरलेलं असतं. गंमत म्हणजे स्त्रियांच्या मासिकांकडून हे जितकं मागितलं जाई, तितकं बातम्यांच्या साप्ताहिकांकडून नाही. मोटारीच्या जाहिरातीशेजारी मोटारीची स्तुती छापा, असं वृत्तसाप्ताहिकाला सहसा कोणी सांगत नसे.

‘मिझ’ने १९९० साली जाहिराती घेणंच सोडून दिलं आणि वाचकांच्या पैशावर अंक काढायला सुरुवात केली. वरचा किस्सा त्या पहिल्या बिनजाहिरातींच्या अंकातला. जाहिराती चालू असताना तो छापून आला असता का, ते तुम्हीच ठरवा.

न छापलेली पानं

मासिकांवर टीका करताना आपण छापलेल्या गोष्टींबद्दल बोलतो. न छापलेलं दिसत नाही, त्यामुळे त्यावर भांडताही येत नाही. पण एकदा कोणीतरी ते मोजलं.

१९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. संशोधकांनी अमेरिकेतल्या ९९ मासिकांचे २५ वर्षांतले अंक तपासले आणि साधा प्रश्न विचारला: सिगारेटच्या जाहिराती घेणारं मासिक धूम्रपानाच्या धोक्यांवर कमी लिहितं का? उत्तर ‘हो’ आलं. सगळी मासिकं धरली तर फरक मध्यम होता. स्त्रियांच्या मासिकांपुरतं पाहिलं तर डोळ्यांत भरण्यासारखा. सिगारेटची जाहिरात न घेणाऱ्या स्त्रियांच्या मासिकात एखाद्या वर्षी असा लेख येण्याची शक्यता ११.७ टक्के होती, घेणाऱ्या मासिकात ५ टक्के. निम्म्याहूनही कमी.

आता हे आकडे त्या काळात ठेवून बघा. १९६८ साली बायकांसाठी म्हणून खास व्हर्जिनिया स्लिम्स नावाची सिगारेट बाजारात आली. तिच्या जाहिरातींत सिगारेट म्हणजे स्वातंत्र्य, बाई किती पुढे आली त्याची खूण. १९८७ पर्यंत अमेरिकन स्त्रियांच्या कर्करोगाच्या मृत्यूंमध्ये फुप्फुसाचा कर्करोग स्तनांच्या कर्करोगाला मागे टाकून पहिल्या नंबरवर आला. आणि याच वर्षांत ही मासिकं आरोग्याची सदरं अगदी नेमाने चालवत होती! व्यायाम, आहार, त्वचा, केस, सगळ्यावर सल्ला. एवढा एक विषय मात्र कसा कोण जाणे, मागे पडत राहिला.

कोणी संपादकाला फोन करून ‘हा लेख छापू नका’ म्हणून दम देत असेल असं नाही. त्याची गरजही पडत नाही. कोणत्या विषयावरून पुढच्या महिन्यात जाहिरातींची चार पानं कमी होतील, हे संपादकाला न सांगता कळतं. मला हा भाग फोटोंहून भयंकर वाटतो. बारीक केलेली कंबर निदान दिसते तरी.

उणीव तयार करणं

जाहिरात उपाय विकते. उपाय विकायचा तर आधी दुखणं हवं. ते पुरवायचं काम मजकुराकडे येतं. पण मासिक नुसतं घाबरवत राहिलं तर कोण विकत घेईल? म्हणून त्याला मैत्रीणही व्हावं लागतं. एकाच मुखपृष्ठावर ‘स्वतःवर प्रेम करायला शिका’ आणि ‘पोट सपाट करा’ सुखाने नांदतात ते त्यामुळे. वरवर पाहिलं तर विसंगती, पण धंद्याच्या दृष्टीने दोन्ही ओळी लागतात. एक वाचकाला जवळ आणते, दुसरी तिला कामाला लावते.

‘कॉस्मोपॉलिटन’चं उदाहरण घ्या. १८८६ साली ते घरगुती मासिक म्हणून निघालं, मग साहित्याकडे वळलं आणि १९६०च्या आसपास मरणपंथाला लागलं होतं. १९६५ साली हेलन गर्ली ब्राऊन संपादक झाल्या आणि त्यांनी एक नवीच वाचक शोधली: लग्न न झालेली, नोकरी करणारी, स्वतःचा पगार खर्च करणारी, आणि शरीरसुखाबद्दल न लाजता वाचणारी. तोवरच्या मासिकांतली बाई बहुतेक कोणाची तरी बायको किंवा आई असायची. ही कोणाचीच नव्हती. हा बदल छोटा नाही, त्याचं श्रेय ब्राऊन यांना द्यायलाच हवं. पण या मोकळ्या बाईलाही दर महिन्याला नवं काहीतरी शिकायचं, सुधारायचं, लावायचं, घालायचं असेच. स्वयंपाकघरातून सुटली आणि आरशासमोर येऊन बसली.

मैत्रीण व्हायच्या नादात गफलतीही होतात. जानेवारी १९८८ च्या अंकात ‘कॉस्मोपॉलिटन’ने एका मानसोपचारतज्ज्ञाचा लेख छापला. साध्या शरीरसंबंधातून बाईला एड्सचा धोका जवळजवळ नाही, असा त्याचा सूर होता. साथ पसरत असताना दिलेला हा दिलासा चुकीचा होता. न्यूयॉर्कमधल्या बायका त्या मासिकाच्या कंपनीच्या दारात निदर्शनांना उतरल्या.

चुकीची भीतीही तितकीच विकली जाते. जून १९८६ मध्ये ‘न्यूजवीक’ या अमेरिकन वृत्तसाप्ताहिकाने मुखपृष्ठकथा केली. विषय: शिकलेल्या, लग्न न झालेल्या बायकांचं वय वाढलं की लग्नाची शक्यता किती उरते. त्यात एक वाक्य होतं, की चाळिशीतल्या अशा बाईचं लग्न होण्यापेक्षा ती अतिरेक्याच्या हातून मरण्याची शक्यता जास्त. मूळ अभ्यासात असलं काही नव्हतं. कार्यालयातल्या एका अंतर्गत टिपणातला तो विनोद, छापताना खराखुरा होऊन बसला. पुढे कितीतरी वर्षं लोक ते आकडेवारी म्हणून ऐकवत राहिले. २००६ साली ‘न्यूजवीक’नेच चूक कबूल केली. जुन्या लेखातल्या १४ अविवाहित बायकांपैकी ११ जणी त्यांना सापडल्या, त्यांतल्या ८ जणींची लग्नं झालेली होती. दुरुस्ती यायला वीस वर्षं लागली आणि मूळ वाक्याइतकी ती कोणाच्या लक्षातही राहिली नाही.

चिमटे, प्रकाश आणि माऊस

फोटोकडे वळू. बहुतेकांना वाटतं सगळी जादू फोटोशॉपची. फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली. त्याआधीही बायका अशाच दिसायच्या. अंकासाठी फॅशन कंपन्यांकडून जे कपडे येतात ते एकाच लहान मापाचे नमुने असतात. म्हणून मॉडेल त्या मापात बसणारीच घ्यायची. एवढं करूनही कपडा ढिला पडला तर पाठीमागून चिमटे लावायचे. पुढून चापूनचोपून बसलेला पोशाख मागून पाहिला तर चिमट्यांची रांग. मग प्रकाशयोजना, मेकअप, केस, शेकडो फोटोंतून निवडलेला एक, आणि त्यावर रिटचिंग, म्हणजे फोटोतले डाग-दोष पुसणं. वाचक आरशात आपलं रूप बघते ते सकाळच्या उजेडात, एकटीने. तुलना तिची आणि दहा-पंधरा माणसांच्या दिवसभराच्या मेहनतीची.

संगणकावरचे फेरफार फोटोशॉपच्याही आधी सुरू झाले होते. फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले आणि मोठा गहजब झाला. पिरॅमिड हलवला म्हणून! बाईची कंबर हलवण्याला तेव्हा कोणी फेरफार म्हणतही नसे. १९८९ साली ‘टीव्ही गाइड’ने ऑप्रा विन्फ्रे यांचं डोकं अॅन-मार्गरेट या अभिनेत्रीच्या धडावर बसवून मुखपृष्ठ केलं. दोघींपैकी एकीलाही विचारलेलं नव्हतं. २००५ साली ‘न्यूजवीक’ने तुरुंगातून सुटणाऱ्या उद्योजिका मार्था स्टुअर्ट यांच्यासाठी तेच केलं. चेहरा त्यांचा, बांधा एका सडपातळ मॉडेलचा.

२००३ साली ब्रिटिश ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकाने अभिनेत्री केट विन्स्लेट यांचे पाय बारीक केले. मी अशी दिसत नाही आणि मला असं दिसायचंही नाही, असं त्यांनी उघडपणे सांगितलं. ज्या बाईच्या दिसण्यावर मासिक विकायचं, तीच जर पुरेशी दिसत नसेल, तर मग कोण पुरेसं दिसतं? २००७ मध्ये ‘जेझबेल’ या संकेतस्थळाने न सुधारलेलं मुखपृष्ठ आणून देणाऱ्याला १०,००० डॉलर देऊ केले. त्यांना ‘रेडबुक’च्या जुलैच्या अंकाचं मूळ छायाचित्र मिळालं, गायिका फेथ हिल यांचं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं: दंड जवळजवळ निम्मा केलेला, पाठीची वळी कापलेली, डोळ्यांखालच्या रेषा पुसलेल्या. हिल तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या आणि मुळात अतिशय देखण्या होत्या. हा अंक पंचविशीतल्या मुलींसाठी नव्हता हे लक्षात घ्या. ‘रेडबुक’ संसारी, मध्यमवयीन बायकांचं मासिक होतं.

याचा परिणाम होतो का? २००२ साली २५ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहणारा एक अभ्यास झाला. बारीक मॉडेलांची चित्रं पाहिल्यानंतर स्त्रियांना स्वतःचं शरीर आधीपेक्षा जास्त नकोसं वाटतं, असं त्यात दिसलं. एकोणीस वर्षांखालच्या मुलींमध्ये परिणाम अधिक. अर्थात मासिक वाचलं आणि खाणं सोडलं, इतकं हे सरळ नसतं. घर, मैत्रिणी, स्वभाव, सगळं त्यात येतं. पण ‘वाचणारीला कळतं की हे खोटं आहे, मग काय फरक पडतो’ हा युक्तिवाद मात्र टिकत नाही.

किंबहुना सरकारांनी उचललेला सगळ्यात लोकप्रिय उपाय इथेच अडखळतो. इस्रायलने २०१२ साली कायदा केला: मॉडेलच्या वजन आणि उंचीचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, किमान १८.५ हवा, आणि फोटोत शरीर बारीक केलं असेल तर तसं लिहायचं. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून शरीराचा आकार बदललेल्या व्यावसायिक फोटोंवर ‘सुधारित छायाचित्र’ असं छापणं सक्तीचं झालं, न छापल्यास ३७,५०० युरोपर्यंत दंड. नॉर्वेने २०२२ पासून असाच नियम समाजमाध्यमांवरून जाहिरात करणाऱ्यांनाही लावला. हेतू चांगलेच. पण प्रयोगांमध्ये पुन्हा पुन्हा असं दिसलंय, की अशी सूचना वाचूनही बायकांचं स्वतःच्या शरीराबद्दलचं मत काही सुधारत नाही. काही वेळा तर ‘मांड्या बारीक केल्या आहेत’ असं वाचल्यावर नजर नेमकी मांड्यांवर जाते. डोक्याला कळतं आणि मनाला वळत नाही, हे आपल्याला मिठाईच्या बाबतीत ठाऊक असतं, मग इथे का विसरतो कोण जाणे.

इस्रायलच्या कायद्यातला पहिला भाग मला जास्त कामाचा वाटतो. तो वाचकाला शहाणं करायला जात नाही. कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या मुलीच्या पोटात अन्न आहे का, एवढंच बघतो.

पट्टी घ्या आणि मोजा

हे सगळं सौंदर्याच्या मासिकांपुरतं आहे असं समजून बातम्यांची साप्ताहिकं सुटतात. एक सोपा प्रयोग सांगते. कोणतंही नियतकालिक घ्या. प्रत्येक फोटोत डोक्याच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजा, आणि त्याला डोक्यापासून फोटोत दिसणाऱ्या शरीराच्या शेवटच्या टोकापर्यंतच्या अंतराने भागा. फक्त चेहरा असेल तर उत्तर १. पूर्ण उभी आकृती असेल तर अगदी लहान अपूर्णांक.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेन आर्चर आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली हेच केलं. नियतकालिकांतले १,७५० फोटो मोजले. पुरुषांची सरासरी ०.६५ आली, बायकांची ०.४५. म्हणजे पुरुष दाखवायचा तर चेहरा, बाई दाखवायची तर अंग. त्यांनी विद्यार्थ्यांना माणसांची चित्रं काढायला सांगितली, तिथेही पुरुषाचा चेहरा मोठा निघाला. आणि ज्या फोटोत चेहरा जास्त जागा व्यापतो, त्यातलं माणूस बघणाऱ्याला जास्त हुशार वाटतं, हेही दिसलं. यात नग्नता नाही, अश्लीलता नाही, कोणावर खटला भरता येईल असं काही नाही. फोटो कुठे कापायचा, एवढाच निर्णय.

फोटो कोणाचा छापायचा, हा त्याआधीचा निर्णय. ‘टाइम’ने १९२७ पासून ‘मॅन ऑफ द इयर’ निवडायला सुरुवात केली. १९९९ साली नाव बदलून ‘पर्सन ऑफ द इयर’ केलं, तोवर एकट्या बाईला हा मान तीनदाच मिळाला होता. १९३६ साली वॉलिस सिम्प्सन, १९५२ साली ब्रिटनची राणी एलिझाबेथ, १९८६ साली फिलिपिन्सच्या अध्यक्ष कोराझोन अक्विनो. पहिलीसाठी ब्रिटनच्या राजाने गादी सोडली, दुसरीला ती वारशाने मिळाली. स्वतः निवडणूक लढवलेली तिसरीच.

रंगाचा हिशोब तर आणखी कडक. अमेरिकन ‘व्होग’ १८९२ पासून निघतंय. त्याच्या मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णीय स्त्री आली ऑगस्ट १९७४ मध्ये, बेव्हर्ली जॉन्सन. आणि तिथलं मुखपृष्ठ एखाद्या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने टिपायला २०१८ साल उजाडावं लागलं. बियॉन्सेचं छायाचित्र, टायलर मिचेलच्या कॅमेऱ्यातून.

आतल्या बायका

एक प्रश्न हमखास येतो: पण या मासिकांत काम तर बायकाच करतात ना? करतात. कोणत्या खुर्चीत बसून, ते बघायला लागतं.

मार्च १९७० चा एकच आठवडा घ्या. १६ मार्चला ‘न्यूजवीक’चा अंक बाजारात आला, मुखपृष्ठावर स्त्रियांच्या बंडाची कथा. त्याच दिवशी ‘न्यूजवीक’मधल्याच ४६ बायकांनी कंपनीविरुद्ध नोकरीतल्या भेदभावाची तक्रार दाखल केली. तिथे शिरस्ता होता, पुरुष लिहिणार आणि बायका माहिती गोळा करून तपासून देणार. शिक्षण दोघांचं सारखंच. मुखपृष्ठकथा बाईने लिहायला हवी हे संपादकांच्या लक्षात आलं खरं, पण त्यासाठी त्यांनी बाहेरून लेखिका आणली.

दोनच दिवसांनी, १८ मार्चला, शंभराहून जास्त बायका ‘लेडीज होम जर्नल’च्या कार्यालयात घुसल्या आणि संपादक जॉन मॅक कार्टर यांच्या खोलीत अकरा तास ठाण मांडून बसल्या. बायकांच्या मासिकाचा मुख्य संपादक बाई असावी, कृष्णवर्णीय बायकांना नोकऱ्या द्याव्यात, पाळणाघर असावं, बायकांना खाली पाडणाऱ्या जाहिराती थांबवाव्यात, अशा मागण्या. सोबत त्यांनी स्वतः बनवलेलं एक खोटं मुखपृष्ठही नेलं होतं. त्यावर एक गरोदर बाई आणि तिच्या हातात फलक: ‘बिनपगारी कष्ट’. पदरात काय पडलं? ऑगस्टच्या अंकात आठ पानांची पुरवणी. कार्टर यांच्या जागी बाई संपादक यायला आणखी तीन वर्षं गेली.

म्हणून ही मासिकं फेकून द्यावीत का? नाही, आणि इथे मी टीकाकारांशी पुरती सहमत होत नाही. गर्भधारणा, पाळी, नवऱ्याची मारहाण, घटस्फोट, पगार या गोष्टी ज्या काळात घरात बोलता येत नव्हत्या, त्या काळात त्या छापून आल्या त्या बऱ्याचदा याच गुळगुळीत पानांवर. १९७६ च्या जुलैमध्ये ‘रेडबुक’चे संपादक सी चॅसलर यांच्या पुढाकाराने तीसहून जास्त मासिकांनी एकाच महिन्यात स्त्री-पुरुषांना समान हक्क देऊ पाहणाऱ्या प्रस्तावित अमेरिकन घटनादुरुस्तीवर मजकूर छापला. एकमेकांचे वाचक पळवणारी मासिकं होती ती! लिपस्टिक आणि घटनादुरुस्ती एकाच अंकात. ज्या बाईने चळवळीचं पत्रक कधी हातात धरलं नसतं, तिच्यापर्यंत तो मजकूर शेजारच्या पाककृतीमुळे पोचला.

आता कागद संपत आलाय

ही सगळी यंत्रणा ज्या कागदावर उभी होती, तो झपाट्याने आटतोय. ‘लेडीज होम जर्नल’चं मासिक रूप २०१४ मध्ये बंद झालं. ‘रेडबुक’ आणि अमेरिकन ‘ग्लॅमर’ यांचे नियमित छापील अंक २०१९ उजाडता उजाडता थांबले. जाहिरातदार गेले फोनवर, आणि वाचकही.

जाता जाता काही बरे बदल झाले. २०१२ साली एका १४ वर्षांच्या मुलीने ‘सेव्हन्टीन’ या किशोरवयीन मुलींच्या मासिकाकडे महिन्यातून निदान एक फोटो न सुधारता छापा अशी मागणी केली. हजारो सह्या जमल्या, आणि मुलींच्या शरीराचा वा चेहऱ्याचा आकार बदलणार नाही असं मासिकाने लिहून दिलं. २०१७ साली ‘अल्युअर’ या सौंदर्याच्या मासिकाने सत्तरी ओलांडलेल्या अभिनेत्री हेलन मिरेन यांना मुखपृष्ठावर आणून ‘वय रोखणारं’ हा शब्दप्रयोग यापुढे वापरणार नाही असं जाहीर केलं. शब्द गेला, क्रीमच्या जाहिराती राहिल्या.

फोनवर संपादक नाही, हिरे विकणाऱ्याची अट नाही. त्यामुळे चित्र बदलेल अशी आशा होती. पण जाहिरातदाराच्या जागी तिथे मोजणी आली. कोणत्या फोटोला किती पसंती, किती वेळ नजर थांबली, हे क्षणाक्षणाला कळतं आणि त्यावरून पुढचा फोटो ठरतो. चिमटे लावायचं काम आता प्रत्येक मुलगी स्वतःच करते, खिशातल्या यंत्राने.

ऑगस्ट २०२५ च्या अमेरिकन ‘व्होग’मध्ये गेस या कपड्यांच्या कंपनीची जाहिरात होती. सोनेरी केस, निळसर डोळे, बेताचा बांधा, नितळ कातडी. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ही मॉडेल कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली आहे. म्हणजे ही बाई जगात कुठेच नाही. ती बनवणाऱ्या छोट्या कंपनीच्या दोन्ही मालकिणी तरुण बायका. तुमच्या मॉडेल अशा एकाच साच्याच्या का, असं पत्रकारांनी त्यांना विचारलं. त्यांचं उत्तर असं होतं, की आम्ही वेगवेगळ्या वर्णाच्या बायकाही करून टाकल्या होत्या, पण त्यांना लोकांची पसंतीच मिळत नाही.